मावशी लग्न न करता काकांसोबत राहते, आता काकांचा मुलगा म्हणतोय घर खाली करा. कायद्यात काही आहे का?

मधली_भाची
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही. माझी मावशी, वय ६४. यजमान रेल्वेत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली, तिला फॅमिली पेन्शन मिळते आणि एक मुलगी आहे ती लग्न होऊन नाशिकला. मावशी गेली सात-आठ वर्षं चिंचवडला एका काकांसोबत राहते. काकाही विधुर, वय ७१, फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर, स्वतःच्या पगारातून घेतलेला. दोघांनी लग्न केलं नाही कारण लग्न केलं की पेन्शन बंद, आणि काकांच्या मुलालाही तेव्हा ते नकोच होतं. सोसायटीत सगळ्यांना माहितीये, हळदीकुंकवाला बोलावतात, कुणी काही बोलत नाही.

आता झालंय असं की काकांना पॅरालिसिसचा झटका आला. डोकं एकदम शाबूत आहे, बोलणं थोडं अडखळतं, उजवा हात चालत नाही. मुलगा बेंगळुरूहून आला आणि सरळ म्हणाला की बाबांना मी घेऊन जातो, फ्लॅट भाड्याने द्यायचाय, तुम्ही महिनाअखेर तुमची सोय बघा. काका नाही म्हणतायत पण आजारी माणसाचं कोण ऐकतंय. मावशी रडून रडून अर्धी झालीये, तिचं म्हणणं माझा काय हक्क, मी कुठे त्यांची बायको आहे. खरंच काहीच नाही का?

खडूस_पुणेरी
पेन्शन पण पाहिजे आणि फ्लॅट पण पाहिजे. छान आहे.

स्वरा७८
@खडूस फ्लॅट कुणी मागितलाय? राहायला छप्पर मागतेय बाई. धागा वाचून तरी लिहा.

दादरकर_बाबा
ताई, माझ्या ऐकण्यात आहे की पाच वर्षं एकत्र राहिलं की आपोआप कायदेशीर बायको होते. सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. घाबरू नका म्हणावं मावशींना.

अ‍ॅड_काळा_कोट
बाबा, असा कुठलाही पाच वर्षांचा नियम नाहीये, व्हॉट्सॅपवर फिरतो तो. मी पिंपरी-पुण्यात प्रॅक्टिस करतो, माझ्या परीने सांगतो. पुढे कागद बघूनच नक्की बोलता येईल, तरी.

पहिली गोष्ट, एकत्र राहणं गुन्हा नाही. २०१० मध्ये खुशबू प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ते स्वच्छ सांगितलंय, तो मुद्दा संपला.

दुसरी आणि मावशींच्या कामाची. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५, ज्याला आपण डीव्ही अ‍ॅक्ट म्हणतो. लोकांना वाटतं तो फक्त बायकांना नवऱ्याविरुद्ध. तसं नाही. त्याच्या कलम २(एफ) मध्ये लग्नाच्या स्वरूपाचे संबंध असा स्पष्ट उल्लेख आहे. आणि कलम १७ म्हणतं की अशा नात्यातल्या बाईला सामायिक घरात राहायचा हक्क आहे, त्या घरात तिची मालकी असो नसो, आणि कायदेशीर मार्गाशिवाय तिला तिथून काढता येत नाही. आता तुम्ही म्हणाल काका तर त्रास देत नाहीयेत, देतोय मुलगा. त्याचीही सोय आहे. कलम २(क्यू) खाली अशा नात्यातली बाई पुरुष जोडीदाराच्या नातेवाइकाविरुद्धही तक्रार करू शकते. म्हणजे मुलगा प्रतिवादी होऊ शकतो. पूर्वी प्रतिवादी फक्त प्रौढ पुरुषच असायचा, २०१६ मध्ये हिरल हरसोरा केसमध्ये ते शब्द काढून टाकले, त्यामुळे सूनबाईंचंही नाव घालता येतं. मात्र घरातून बाहेर काढायचा आदेश बाईविरुद्ध मिळत नाही, तो अपवाद कायद्यातच आहे.

मधली_भाची
वकीलसाहेब खूप आभार, पण लग्नाच्या स्वरूपाचे म्हणजे नक्की कसे? मुलगा म्हणतो मावशी केअरटेकर होती. हे त्याने काकांसमोर म्हटलं.

अ‍ॅड_काळा_कोट
ते म्हणणारच, दहातल्या नऊ केसमध्ये समोरचा वकील हेच लिहितो.

वेलुस्वामी विरुद्ध पच्चैअम्मल, २०१०. त्यात कोर्टाने चार गोष्टी बघायला सांगितल्या. समाजात जोडपं म्हणून वावरतात का, वय कायदेशीर आहे का, दोघंही लग्न करायला मोकळे आहेत का, आणि स्वखुशीने बऱ्यापैकी काळ एकत्र राहिलेत का. मग २०१३ ला इंद्रा सरमा केस आली, तिथे बाईला माहीत होतं की पुरुष विवाहित आहे, म्हणून तिला संरक्षण मिळालं नाही. बहुतेक केस तिथेच आपटतात, कुणाचातरी घटस्फोट झालेलाच नसतो. तुमच्याकडे दोघांचेही जोडीदार वारलेले, त्यामुळे सगळ्यात अवघड अट आधीच सुटलीये. इंद्रा सरमामध्ये आणखी बघितलं की पैसे एकत्र करत होते का, घरकाम-जबाबदाऱ्या कशा वाटल्या होत्या, लोकांत कसे मिसळत होते. मावशींचा पैसा कुठे लागलाय का?

मधली_भाची
किचन ट्रॉली तिने केल्यात, आणि हॉस्पिटलचं डिपॉझिट तिच्या एटीएममधून गेलं. आधारवर पत्ता तिथलाच आहे. हॉस्पिटलच्या फॉर्मवर नातं या रकान्यात काकांनीच पूर्वी एकदा पत्नी लिहिलं होतं.

रेल्वेवाला_निवृत्त
थांबा थांबा. तो पत्नी लिहिलेला कागद कोर्टात काढण्यापूर्वी विचार करा. मी रेल्वेत पर्सनल ब्रँचला होतो. फॅमिली पेन्शन विधवेला मृत्यू किंवा पुनर्विवाह यातलं जे आधी होईल तोपर्यंत. अपत्य नसलेल्या विधवेला सूट आहे, पुनर्विवाहानंतरही चालू राहते, पण तिलाही उत्पन्नाची अट आहे. तुमच्या मावशीला मुलगी आहे म्हणजे ती सूट नाही. उद्या कोर्टात मी यांची पत्नीच आहे असं प्रतिज्ञापत्र केलं आणि ते कुणी पेन्शन ऑफिसला पाठवलं तर रिकव्हरी लागेल. मुलगा चिडलेला आहे, पाठवेलही.

स्वरा७८
बापरे. हा मुद्दा डोक्यातच आला नव्हता.

अ‍ॅड_काळा_कोट
रेल्वेवाले काका एकदम मुद्द्याचं बोललात, माझ्याही अशीलांना मी हेच सांगतो.

दोन वेगळे रस्ते आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. एक रस्ता म्हणजे इतकी वर्षं एकत्र राहिले म्हणून लग्न झालंच आहे असं गृहीत धरा, असं कोर्टाला सांगणं. १९७८ ची बद्री प्रसाद केस यासाठी सगळे दाखवतात, तिथे जोडपं पन्नासेक वर्षं एकत्र होतं. हा रस्ता वारसाहक्कासाठी लागतो, कारण त्यात तुम्ही पत्नी ठरता. दुसरा रस्ता डीव्ही अ‍ॅक्टचा. त्यात तुम्ही म्हणता की आमचं लग्न झालेलं नाही, पण संबंध लग्नासारखे आहेत. तिथे पत्नी ठरावं लागत नाही, आणि राहायचा हक्क, संरक्षण, पैसे हे सगळं मागता येतं. २०१८ च्या ललिता टोप्पो केसमध्येही कोर्टाने तेच सांगितलं, पत्नी म्हणून पोटगी मिळत नसेल तरी डीव्ही अ‍ॅक्टचा दरवाजा उघडा आहे.

मावशींनी दुसऱ्या रस्त्यानेच जायचं. आणि त्या स्वतःहूनच म्हणतायत ना की मी कुठे त्यांची बायको आहे, ते खरंच आहे, अर्जातही तसंच लिहायचं. हॉस्पिटलचा फॉर्म काकांनी भरलाय, मावशींनी नाही, तरी तो पुढे करू नका. आधार, बँकेचं स्टेटमेंट, सोसायटीतले दोन शेजारी, एवढं पुष्कळ झालं.

खडूस_पुणेरी
म्हणजे पेन्शनसाठी बायको नाही आणि घरासाठी बायकोसारखी. वा रे कायदा. सरकारला फसवणं नाही का हे?

पानशेतकर
खडूसराव, नियम म्हणतो पुनर्विवाह. पुनर्विवाह झालेला नाही. फसवणूक कुठली? उलट मला हा नियमच क्रूर वाटतो. पुरुष पेन्शनर ऐंशीव्या वर्षी लग्न करतो, त्याची पेन्शन चालूच. विधवेने साठीत कुणाचा हात धरला की हिची बंद. म्हणून तर पुण्यात माधव दामल्यांनी २०१२ ला ज्येष्ठांचं लिव्ह-इन मंडळ काढलं, तिथे येणाऱ्यांची हीच गोची असते, पेन्शन आणि मुलांची इस्टेटीची भीती. प्रेम-बिम नंतर.

खडूस_पुणेरी
पुरुषाची पेन्शन त्याच्या स्वतःच्या नोकरीची असते हो. विधवेची नवऱ्याच्या. फरक आहे.

पानशेतकर
मान्य, पण त्या नवऱ्याचा डबा तीस वर्षं कोण भरत होतं? असो, धागा भरकटतोय.

हिंजवडीची_भाडेकरू
थोडं अवांतर, आम्ही दोघं पंचविशीतले, फ्लॅट बघायला गेलो की आधी मॅरेज सर्टिफिकेट मागतात. एकाने तर भाऊ-बहीण सांगा म्हणून सल्ला दिला 😐 कायद्याने मागू शकतात का?

अ‍ॅड_काळा_कोट
मालक कुणाला भाड्याने द्यायचं ते ठरवू शकतो, त्याच्यावर सक्ती नाही करता येत. पण सर्टिफिकेट पाहिजेच असा कुठलाही कायदा नाही. दोघांची नावं लीव्ह अँड लायसन्स करारात घाला आणि करार रजिस्टर करा, महाराष्ट्रात तो रजिस्टर करणं बंधनकारकच आहे, भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५. एकाच्याच नावावर ठेवला की उद्या भांडण झाल्यावर दुसरा रस्त्यावर. खोटं नातं अजिबात सांगू नका, नंतर तेच अंगाशी येतं.

दादरकर_बाबा
आणि पोलीस? २०१५ ला मुंबईच्या मालवणी भागात पोलिसांनी हॉटेलांतून जोडपी उचलली होती ना, सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन म्हणून दंड लावला. बंद खोलीत सार्वजनिक काय होतं कुणास ठाऊक.

तुळशीबाग_रिटर्न
उत्तराखंडात तर आता नोंदणीच करावी लागते. तसं इथे केलं असतं तर मावशींकडे कागद असता.

अ‍ॅड_काळा_कोट
उत्तराखंडात समान नागरी संहिता २७ जानेवारी २०२५ पासून लागू झाली. एकत्र राहायला लागल्यापासून महिन्याभरात नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. एकवीसच्या आतले असतील तर आईबापांना कळवतात. हो, सोडून दिलेल्या बाईला पोटगी मागता येते आणि मूल औरस धरलं जातं, हे चांगलं आहे. पण घरच्यांच्या भीतीने पळालेल्या जोडप्याचा पत्ता सरकारी रजिस्टरात जाणं हे मला तरी संरक्षण वाटत नाही. महाराष्ट्रात अशी नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही म्हणून मावशींचा हक्क कमी होत नाही.

नाना_एकटाजीव
सगळं बायकांसाठीच. पुरुषाला काय संरक्षण आहे ते पण सांगा की वकीलसाहेब. माझ्या मित्रावर ब्रेकअपनंतर लग्नाचं आमिष म्हणून केस झाली.

अ‍ॅड_काळा_कोट
डीव्ही अ‍ॅक्टखाली पुरुषाला अर्ज करता येत नाही, ते खरंय. लग्नाच्या खोट्या वचनाचं म्हणाल तर आता भारतीय न्याय संहितेचं कलम ६९ आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. पण वचन मुळातच फसवायला दिलं होतं आणि खरं वचन होतं पण पुढे पाळता आलं नाही, यात कोर्ट फरक करतं. २०१८ ची सोनार विरुद्ध महाराष्ट्र राज्य वाचा, आपल्या राज्यातलीच केस, दोघं बराच काळ एकत्र राहिले होते, सुप्रीम कोर्टाने गुन्हा रद्द केला. यावर वेगळा धागा काढा नाना, इथे मावशींचं राहून जाईल.

मधली_भाची
हो प्लीज. काल मुलगा कुलूपवाल्याला घेऊन आला होता. मावशीने दार उघडलं नाही. आत्ता या क्षणी काय करायचं?

स्वरा७८
ताई १८१ ला फोन करा, महिला हेल्पलाइन. आणि दारात धिंगाणा झाला तर ११२.

अ‍ॅड_काळा_कोट
हे बरोबर. त्याबरोबर संरक्षण अधिकाऱ्याला गाठा, महिला व बालविकासचा माणूस असतो, तो घरगुती घटना अहवाल भरून देतो. मग कलम १२ खाली न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात तसं होतंच असं नाही, म्हणून कलम २३ खाली लगेच अंतरिम आदेश मागायचा, की अर्जाचा निकाल लागेपर्यंत मला घराबाहेर काढू नये, कुलूप बदलू नये. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, तो गुन्हाच आहे. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत.

आणि एक. काका शुद्धीत आहेत, मालक तेच आहेत. मुलगा मालक नाहीये हो अजून! बाप जिवंत असताना त्याच्या स्वकष्टाच्या फ्लॅटवर मुलाचा काडीचा हक्क नाही. काकांनी स्वतः दोन ओळींचं पत्र सोसायटीला दिलं की ही बाई माझ्या संमतीने इथे राहते, तरी अर्धं काम होईल. मुलगा दमदाटी करत असेल तर काकांना ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ खाली प्रांताधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, पण बापाला मुलाविरुद्ध उभं करायचं का हे तुमचं तुम्ही ठरवा.

पानशेतकर
मुलगा अगदीच राक्षस असेल असं नाही वाटत मला. त्याला भीती हीच की बाबा गेल्यावर ही बाई फ्लॅट सोडणार नाही. ती भीती काढली तर बोलेल सरळ.

मधली_भाची
खरंय. तो लहानपणी मावशीच्या हातचं खाऊन गेलेला आहे, शेजारीच राहायचे ते. पण वकीलसाहेब, काका गेल्यावर काय? मला तीच धास्ती आहे.

अ‍ॅड_काळा_कोट
इथे मात्र कायदा फार हात देत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यात सोबत राहणाऱ्या जोडीदाराला जागाच नाही. काका मृत्युपत्र न करता गेले तर फ्लॅट मुलाचा. डीव्ही अ‍ॅक्टमध्ये कधीकाळी एकत्र राहिलेत असा शब्द आहे, २०२२ च्या प्रभा त्यागी केसमध्ये विधवेला त्याचा फायदा मिळाला, म्हणून वाद घालता येतो, पण ती रीतसर लग्नाची बाई होती, तुमच्या केसमध्ये लांबलचक भांडण होईल. मावशी सत्तरीत कोर्टाच्या पायऱ्या चढणार का?

दादरकर_बाबा
सोसायटीत नॉमिनी करून टाका ना मावशीला, विषय संपला.

अ‍ॅड_काळा_कोट
बाबा, नॉमिनी म्हणजे मालक नाही! २०२३ च्या डिसेंबरात शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर केसमध्ये शेअर्सच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने पुन्हा तेच सांगितलं. सोसायटीत तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी हा तात्पुरता सभासद, वारस ठरेपर्यंत. बक्षीसपत्र म्हणाल तर राहतं घर नवरा-बायको-मुलांना दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर देता येतं, पण मावशी त्या यादीत नाहीत, त्यांना विक्रीच्या दराने मुद्रांक भरावा लागेल, लाखांत जाईल. कुलमुखत्यारपत्र पण कामाचं नाही, काकांचं भान गेलं किंवा ते वारले की ते संपतं.

राहिलं मृत्युपत्र. त्याला मुद्रांक लागत नाही, रजिस्टर करणं ऐच्छिक आहे तरी करा. आणि फ्लॅट मावशींना द्यायची गरज नाही. असं लिहायचं की मालकी मुलाची, पण मावशींना हयातभर त्या घरात राहायचा हक्क, त्यांच्या पश्चात घर पूर्णपणे मुलाचं, मावशींच्या वारसांचा काही संबंध नाही. वर्गणी-टॅक्स कोण भरणार तेही लिहा, पुढची भांडणं त्यावरूनच होतात. मुलाला हे वाचायला द्या, फ्लॅट जात नाही हे त्याला कळलं की कुलूपवाला परत यायचा नाही.

रेल्वेवाला_निवृत्त
हे उत्तम. आणि हयातभर राहायचा हक्क लिहिताना तिथे पण पत्नी लिहू नका, माझी सहचारिणी, नाव, वय, पत्ता, बस.

खडूस_पुणेरी
हे पटलं बुवा. मुलाचं पण जात नाही काही.

स्वरा७८
खडूसरावांना काहीतरी पटलं, धागा जपून ठेवा रे 😄
बाकी हॉस्पिटलचं पण बघा. उद्या परत अ‍ॅडमिट केलं तर सही कुणाची यावरून वाद होईल.

अ‍ॅड_काळा_कोट
बरोबर. त्यासाठी आगाऊ वैद्यकीय निर्देश करून ठेवता येतो. आपण निर्णय घ्यायच्या स्थितीत नसलो तर पुढचे उपचार चालू ठेवायचे की नाही हे कुणाशी बोलून ठरवायचं, त्यांची नावं त्यात लिहायची. २०२३ पासून तो सोपा झालाय, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर होतो, आधी न्यायदंडाधिकारी लागायचा. त्यात मावशी आणि मुलगा दोघांचीही नावं घाला, तेवढीच कटुता कमी.

तुळशीबाग_रिटर्न
पाचशेच्या स्टॅम्पवर लिव्ह-इन करारनामा करून मिळतो असं वाचलं, तो केला तर?

अ‍ॅड_काळा_कोट
पुरावा म्हणून थोडाफार उपयोग, त्याने हक्क तयार होत नाहीत. मुंबईत २०२४ ला एका बलात्काराच्या केसमध्ये आरोपीने असाच करार दाखवला, बाई म्हणाली सही माझी नाहीच. कागदावर भरवसा ठेवायचा तर मृत्युपत्राच्या ठेवा.

मधली_भाची
काकांना विचारलं, ते लगेच तयार झाले, म्हणाले हे आधीच करायला हवं होतं. पण उजव्या हाताने सही होत नाही आणि जिने उतरवणं अवघड, लिफ्ट नाहीये. कसं करायचं? मुलाला अजून सांगितलं नाही, रविवारी बोलू म्हणतोय.

अ‍ॅड_काळा_कोट
अंगठा चालतो, डाव्या हाताचा असला तरी चालतो, फक्त मजकूर त्यांना वाचून दाखवला आणि समजला असं खाली लिहायचं. दोन साक्षीदार लागतात, त्यांनी काकांना अंगठा देताना बघितलेलं पाहिजे. मावशी किंवा तुम्ही साक्षीदार नको, शेजारचे घ्या, वयाने जरा लहान, म्हणजे पुढे साक्षीला मिळतील. त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्या की पेशंट निर्णय घ्यायला सक्षम आहे, उपचार करणारे न्यूरोवाले असतील तर त्यांचंच, कारण पुढे हल्ला इथेच होणार. व्हिडिओ केलात तरी चालेल. दुय्यम निबंधक आजारी माणसाच्या घरी येऊ शकतात, त्यासाठी कारण देऊन अर्ज आणि जादा फी भरावी लागते. कच्चा मसुदा मला मेसेज करा, आणि डीव्हीचा अर्ज पण तयार ठेवा, रविवारच्या बोलण्यावर सगळं सोडू नका.

रेल्वेवाला_निवृत्त
आणि मावशींना म्हणावं नोव्हेंबरचा हयातीचा दाखला वेळेवर द्या, या गडबडीत विसरतील.